शाप देतात, शिव्या घालतात, तळतळाट घेतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका इंग्रजी कादंबरीचं भाषांतर तुम्ही करताय, तिच्यात 'कर्स' हा शब्द चाळीसएक वेळा आलाय, कधी नाम म्हणून, कधी क्रियापद म्हणून. शब्दकोशात त्याच्यापुढे शाप, शिवी, शपथ, तळतळाट, अनिष्टचिंतन अशी रांग आहे. कुठे काय घालायचं? आणि सगळीकडे 'शाप' लिहून मोकळं झालं तर बिघडतं का?

बिघडतं. हे मी स्वतः आपटी खाऊन शिकले आहे. माझ्या पहिल्याच भाषांतरात एक म्हातारा अंधारात उंबरठ्याला ठेचकाळतो आणि त्या उंबरठ्याला 'कर्स' करतो. मी लिहिलं, 'म्हाताऱ्याने उंबरठ्याला शाप दिला.' हस्तलिखित परत आलं तेव्हा समासात शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'मग उंबरठ्याची शिळा झाली का?' संपादक जुन्या वळणाचे होते, त्याहून जास्त ते बोलले नाहीत. आज मी तिथे लिहीन, "'च्यायला ह्या उंबऱ्याच्या!' म्हातारा अंगठा धरून खाली बसला." शाप नाही, शिवी दिली असं सांगणंही नाही. नुसती शिवीच.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. नामाच्या मागे लागायचं नाही, त्याच्याबरोबर मराठी कुठलं क्रियापद आणते ते बघायचं. शाप देतात; तो लागतो, भोवतो, भोगावा लागतो. शिवी देतात, घालतात, रागात असले तर हासडतात. ज्याला मिळते तो शिव्या खातो किंवा त्याला शिव्या बसतात. शिवी कधी भोवत नाही. शिवी दिल्यामुळे झालेली मारामारी भोवते, ती गोष्ट वेगळी. आणि तळतळाट? तो सहसा कोणी देत नाही, तो घेतला जातो. 'गरिबाचा तळतळाट घेऊ नकोस' असं आपण अन्याय करणाऱ्याला बजावतो. म्हणजे वाक्याचा कर्ता इथे चक्क बदलतो. शापात बोलणारा कर्ता असतो, तळतळाटात ज्यानं लुबाडलं तो. ज्याला लुबाडलं त्यानं तोंडातून शब्द काढायचीही गरज नाही, त्याचा जीव तळतळला एवढं पुरतं. 'हाय' हा शब्दही ह्याच घरातला: गरिबाची हाय लागते.

हे मी एकदा जवळून पाहिलं. एका बाईचा बांध दिरानं दरवर्षी नांगराच्या एकेक तासानं खात खात चांगला दोन हात आत आणला होता. गावकीत निकाल तिच्या विरुद्ध गेला. ती ओरडली नाही, हातवारे केले नाहीत. खाली वाकली, बांधावरची मूठभर माती उचलली, परत तिथेच सोडली आणि पदराला हात पुसत चालायला लागली. बरोबरच्या बायकांपैकी एकीनं हळूच म्हटलं, "घेतला गं बाई त्यानं हिचा तळतळाट." कादंबरीत हा प्रसंग असता आणि तिथे 'कर्स' असता, तर 'तिने दिराला शाप दिला' लिहून सगळी गोष्ट मातीत गेली असती.

आता शापाचं बघू. मराठी माणसाच्या कानात शाप म्हटल्याबरोबर पुराण वाजतं, आणि पुराणातल्या शापाला एक घडण आहे. देणाऱ्याची ऐपत लागते, म्हणजे तप किंवा पुण्याई. काहीतरी आगळीक घडलेली लागते. शब्द नेमके लागतात. परशुराम कर्णाला 'तुझं वाईट होवो' असं मोघम म्हणत नाही. ऐन गरजेच्या वेळी ही विद्या तुला आठवणार नाही, असं म्हणतो. दुर्वास शकुंतलेला सांगतो की तू ज्याच्या विचारात गुंग आहेस तो तुला विसरेल. अपराध जसा, तसा शाप: तिला पाहुण्याची आठवण राहिली नाही, आता तिची कोणाला राहणार नाही. आणि मग उःशाप. हा शब्द फार मोलाचा आहे, तुमच्या कादंबरीत कुठे जादूटोण्याची कथा असेल तर हाताशी ठेवा. उःशाप म्हणजे शाप मागे घेणं नव्हे. उच्चारलेला शब्द मागे घेता येत नाही, म्हणून त्याला एक अट जोडायची, एक फट ठेवायची: ओळखीची खूण दिसली की आठवण परत येईल.

'कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही' ही म्हण ह्याच ऐपतीबद्दल आहे. कावळा शाप देतो ह्याबद्दल म्हणीची तक्रार नाही, त्याच्याकडे तेवढी शिल्लक नाही इतकंच तिचं म्हणणं.

म्हणूनच रोजच्या बोलण्यात 'मी तुला शाप देते' असं कोणी म्हणत नाही. तुमच्या पात्रानं म्हटलं तर ते पौराणिक नाटकातून आल्यासारखं वाटेल. खरं बोलणं असं असतं: 'तुझं कधी भलं होणार नाही', 'माझ्या पोरांच्या तोंडचं काढलंस, तुला पचणार नाही.' शाप हा शब्द आपण वापरतो तो लांबून, तिसऱ्याबद्दल किंवा मग निबंधात. 'विज्ञान: शाप की वरदान' हा विषय ज्यानं शाळेत लिहिला नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे.

'कर्स्ड हाउस' वगैरेसाठी 'शापित घर' लिहू नका असं मी सगळ्यांनाच सांगते. चूक नाही, पण ते सिनेमाच्या पोस्टरवरचं मराठी आहे. आपल्याकडे त्याला फार सुंदर आणि अंगावर येणारा शब्द आहे: लाभणे. 'ती जागा कुणाला लाभली नाही.' बस. ह्यात भूत नाही, ऋषी नाही, पण जागा घेणारा माणूस ऐकून दोन दिवस झोपत नाही. तसंच माणसाच्या एखाद्या खोडीबद्दल 'ही वॉज कर्स्ड विथ' असं आलं तर 'भोग', 'नशिबी', 'मानगुटीवर बसलेला' ह्यांतलं काही बघा. 'संतापी स्वभावाचा शाप मिळाला होता' म्हणजे कोणीतरी बसून तो दिल्यासारखं वाटतं.

व्याकरणातली एक गंमत इथेच सांगते, कारण ती भाषांतरात रोज उपयोगी पडते. वाईट चिंतायला मराठीत वेगळं रूप नाही. 'तुझं कल्याण होवो' आणि 'तुझं वाटोळं होवो' ह्यांतला 'होवो' एकच. पसायदानातल्या 'दुरितांचे तिमिर जावो' मधला 'जावो' आणि 'मसणात जावो मेला' मधलाही तोच. मागणं मागायचा साचा एक, त्यात काय ओतायचं ते तुमच्यावर. त्यामुळे आशीर्वादाची वाक्यं नुसत्या आवाजाच्या चढउतारानं उलटी करता येतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका ते लीलया करतात.

दुसरी तऱ्हा त्याहून भेदक: भूतकाळ. 'मुडदा बशिवला तुझा.' बसो नाही, बसेल नाही, बशिवला. जे व्हावं असं वाटतं ते झालंच असं जाहीर करून टाकायचं. 'मेल्या' मध्येही हेच आहे, समोरचा जिवंत उभा आणि आपण त्याला मेलेला म्हणून हाक मारतो. आता ह्याच 'मेल्या'चं काय झालं बघा. आजी नातवाला 'मेल्या, दोन घास खाऊन जा' म्हणते तेव्हा त्यात मरण कुठेच नसतं, उलट माया ओतप्रोत असते. 'मुडद्या'चंही तेच. शब्दातलं विष वापरून वापरून उडून गेलं आणि नुसती जवळीक उरली. पण हे 'मेल्या' कोण कोणाला म्हणतं ह्याचे नियम कडक आहेत. बाई लहानाला किंवा बरोबरीच्याला म्हणेल. सून सासऱ्याला म्हणाली तर त्यातलं विष लगेच जागं होईल. पुरुषांच्या तोंडी तर तो शब्द सहसा बसतच नाही. कादंबरीत हवालदाराच्या तोंडी 'मेल्या' घातलेलं मी एकदा वाचलं आणि पुढची दोन पानं त्या हवालदाराला लुगडंच दिसत राहिलं.

रोगांचे शाप मात्र आता विझत चाललेत. पटकी येवो, वाखा येवो, हे शब्द पूर्वी जिवावरचे होते, कारण पटकीनं गावं ओस पडलेली लोकांनी पाहिली होती. आजच्या वाचकाला पटकी म्हणजे कॉलरा हे सांगावं लागतं, आणि सांगावा लागणारा शाप लागत नाही. जुन्या काळातली कथा असेल तर जरूर वापरा. आजच्या पात्राला नको.

शपथेकडे येते, कारण तुमच्या यादीत तीही आहे आणि इंग्रजीत 'स्वेअर' म्हणजे शपथ घेणंही आणि शिवी देणंही. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. संस्कृतात 'शप्' हा एकच धातू आहे, त्यातूनच शाप आला आणि त्यातूनच शपथ. अर्थही जुळतो: शपथ म्हणजे स्वतःवर घेतलेला, अट घातलेला शाप. 'खोटं बोललो तर जीभ झडो' ह्यात दोन्ही आहेत. मराठीत 'आण' हा अस्सल शब्द आहे; 'आयच्यान' म्हणजे आईची आण. आणि आपल्याकडे शपथ नुसती घेत नाहीत, दुसऱ्याला घालतातही: 'तुला माझ्या गळ्याची शपथ आहे.' म्हणजे तू ऐकलं नाहीस तर मरण माझं. फार धूर्त प्रकार आहे हा. लहानपणी कुणी अशी शपथ घातली की आम्ही त्याच्या मागे लागायचो, 'सुटली म्हण, शपथ सुटली म्हण!' तो म्हणेपर्यंत जिवात जीव नसायचा. हाच तो उःशाप, दुर्वासाच्या ऐवजी चौथीतल्या पोराच्या तोंडचा. ज्यानं घातली त्यानंच सोडवायची, हा नियम तोच.

राहता राहिली शिवी, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

मराठीतल्या शेलक्या शिव्या नीट ऐका. रांडेच्या. गाढवीच्या. लेकाच्या. 'शिंच्या' हा वरून साधा दिसणारा, जुन्या कथांमधल्या आजोबांचा लाडका शब्दसुद्धा 'शिंदळीच्या'चं आखडलेलं रूप आहे; अनेक सोवळी तोंडं तो न समजता वापरत आली. ह्या सगळ्यांचा साचा एक आहे: षष्ठीचा प्रत्यय आहे आणि ज्याला तो लागायचा ते नाम गायब. कुणाचा, ते सांगितलं. काय, ते सांगितलंच नाही. पोरगा हे गृहीत. आता गंमत ही की शिवीत षष्ठी मुद्दाम राखायची ही खोड अडीच हजार वर्षांच्या आसपास जुनी आहे आणि तिची नोंद खुद्द पाणिनीनं, संस्कृतच्या थोर व्याकरणकारानं, केली आहे. संस्कृत समासात एरवी विभक्तीचा प्रत्यय गळतो, राजाचा पुरुष तो राजपुरुष. पण त्याच्या अष्टाध्यायी ह्या ग्रंथात 'षष्ठ्या आक्रोशे' असं एक सूत्र आहे (६.३.२१): निंदा करायची असेल तर षष्ठी गाळू नका. लगेच पुढच्या सूत्रात 'पुत्र' शब्दापुरती सूट: दासीपुत्र म्हणा किंवा दास्याःपुत्र म्हणा. त्या न गळलेल्या 'याः'मध्ये जो ठसका आहे तोच आपल्या 'च्या'मध्ये आहे. शिव्यांनाही व्याकरण असतं हे पाणिनीला ठाऊक होतं. त्या सूत्रातल्या 'आक्रोश' शब्दाचा अर्थ त्या काळी दूषण देणं असा होता, मराठीत येईपर्यंत त्याचं रडणं झालं. शिव्या खाणाऱ्यानं शब्दच पळवला म्हणायचा.

शिवी आणि शाप ह्यांच्यातली भिंत नेहमीच इतकी पक्की नव्हती. शिलाहार राजांच्या काळातले गद्धेगाळ आठवा. दान दिलेल्या जमिनीवर उभा केलेला दगड: वर चंद्रसूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि बाई. 'गाळ' म्हणजे शिवी, हिंदीतल्या 'गाली'ची आपली बहीण, आता एकटीनं कुठे दिसत नाही. परळला सापडलेल्या अपरादित्याच्या लेखात (इ.स. ११८७) शेवटी धमकी आहे की हे शासन जो मोडेल त्याच्यावर कुटुंबासकट वैद्यनाथाचा कोप पडो, आणि पुढच्याच वाक्यात त्याच्या आईबद्दल गाढवाची ती शिवी. पहिलं वाक्य शाप, दुसरं शिवी, आणि दोन्ही मिळून एक सरकारी दस्तऐवज. राजा मेल्यावर, राजवट उलटल्यावर ह्या दानाचं रक्षण कोण करणार? तर हा दगड. वाचता येत नसेल त्यानं खालचं चित्र बघावं.

आणि हेही बघा की दान मोडणार पुरुष आणि मार बसतो त्याच्या आईला. आठशेहून जास्त वर्षांत ह्यात फारसा फरक पडला नाही. 'च्यायला', 'आयला', 'मायला' हे आता इतके गुळगुळीत झालेत की शाळकरी मुलीही म्हणतात, पण त्यांच्या पोटात 'तुझ्या आईला' आहे आणि पुढचं क्रियापद सोयीनं गिळलेलं आहे. मी हे शब्द भाषांतरात वापरते, वर वापरलाही. फक्त काय वापरतोय ते ठाऊक असावं.

इंग्रजी शिवीला मराठी शिवी कुठली, हा तुमचा खरा डोकेदुखीचा भाग असणार. शब्दाला शब्द शोधू नका, जोराला जोर शोधा. इंग्रजीतल्या पुष्कळ शिव्या नरकाच्या आणि देवाच्या आहेत. 'नरकात जा' हे मराठीत कीर्तन वाटतं; तिथे 'मसणात जा', 'खड्ड्यात जा', 'गेलास उडत' हे बोलणं आहे. हलकट, हरामखोर, भाडखाऊ, ह्यांचं वजन माणसागणिक आणि गावागणिक बदलतं. 'भाडखाऊ'चा मूळ अर्थ बाईच्या कमाईवर जगणारा; त्याचा 'भाड्या' होऊन मित्रामित्रांत खांद्यावर हात टाकून फिरतो. अशा वेळी मी वाक्य मोठ्यानं म्हणून बघते. बंद खोलीत.

जातीच्या नावांच्या शिव्या मात्र ह्या हिशेबात धरू नका. जुन्या मराठीत त्या म्हणींपर्यंत पसरल्या आहेत आणि अनेकांना त्या शिव्या आहेत हेही जाणवत नाही. मूळ मजकुरात जातीय किंवा वांशिक द्वेष हाच विषय असेल तर तो टाळता येणार नाही, पण नुसता ठसका म्हणून तसा शब्द घालायचा नाही. अनुसूचित जातीजमातींच्या माणसाला जातीवरून चारचौघांत अपमानित करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे हे खरं, पण माझं कारण कायदा नाही. ती शिवी ज्याला लागते त्याच्या अंगावर ती पिढ्यान् पिढ्या पडलेली असते. तिला दुसरी, गोड बाजू कधीच नव्हती.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक नवल सांगते. शांतताभंग व्हावा म्हणून मुद्दाम अपमान करणं हा गुन्हा आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. भारतीय न्याय संहितेत ते कलम ३५२. पण दोनच कलमं पुढे, ३५४ मध्ये, 'मी म्हणतो तसं कर, नाहीतर माझ्या कृतीमुळे तुझ्यावर देवाची अवकृपा होईल' असं भासवून एखाद्याला काही करायला लावणं हाही गुन्हा आहे. १८६० च्या दंड संहितेत हे कलम ५०८ होतं, आणि तिथे उदाहरण म्हणून दारात धरणं धरून बसलेला माणूस दिला होता. शिवी आणि शाप, कायद्यानंही दोन वेगळ्या खणांत ठेवलेत. तुम्हीही ठेवा.

आता क्रियांचे शब्द. 'ती त्याला कर्स करत राहिली' असं लांबलेलं काही आलं तर मराठीत तयार माल भरपूर आहे: शिव्यांची लाखोली वाहणे, नावानं शंख करणे, नावानं खडे फोडणे, शिमगा करणे, बोटं मोडणे. ह्यांतली लाखोली मुळात देवाची: लाख बेलाची पानं, लाख दूर्वा मोजून वाहायच्या. तीच मोजदाद शिव्यांना लावली. 'बोटं मोडणे' तर माझं सगळ्यांत आवडतं. कुणाच्या नावानं बोटं मोडली की ते वाईट चिंतणं. आणि सजलेल्या पोरीच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली की ती दृष्ट काढणं. तीच बोटं, तोच आवाज. फक्त 'नावानं' आणि 'कानशिलावर' एवढ्यानं अर्थ उलटतो. म्हणून हा वाक्प्रचार अर्धाच लिहू नका.

'तोंडातल्या तोंडात कर्स केलं' ह्यासाठी चरफडणे, पुटपुटणे, दात-ओठ खाणे. ह्यांत शिवीचा उच्चारही लागत नाही, चरफडण्यात ती आलीच.

तुम्ही नमुन्यादाखल एक वाक्य पाठवलं आहे: थोरल्या भावानं वाटणीत फसवल्यावर धाकटी बहीण घर सोडताना त्याला 'कर्स' करते, आणि पुढच्या तीन प्रकरणांत त्या घराची वाताहत होते. तुमच्या मसुद्यात तिथे 'तिने त्याला शिव्याशाप दिले' आहे. शिव्याशाप हा जोडशब्द भांडणाच्या वर्णनाला ठीक, पण इथे तो सगळं सपाट करतो, शिवी होती की शाप तेच कळत नाही. मूळ लेखकानं तिला बोलतं केलेलं नाही, तुम्ही एक वाक्य बोलू द्या. तेवढं स्वातंत्र्य घ्यायला हरकत नाही. शिवी नको, वाटोळं नको. ती पायात चपला सरकवते, दाराशी थांबते आणि मागे न बघता म्हणते, "घेतलंस ना दादा सगळं? लाभो तुला."